खळ्याचा कर्ण आणि सतराचा भागाकार: नववीतल्या एका उत्तरपत्रिकेचा अभ्यास

दिवाळीची सुट्टी संपली की नववीला 'वास्तव संख्या' या प्रकरणावर मी एक छोटी उजळणी चाचणी घेते. प्रश्न एकच, संख्या सहा. प्रत्येक संख्या परिमेय (दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी लिहिता येणारी) की अपरिमेय (तशी लिहिता न येणारी) ते लिहायचं आणि कारण द्यायचं. उत्तराला अर्धा गुण, कारणाला दीड. या वेळच्या संख्या होत्या ७/८, १/१७, ०.३३३…, √२, π आणि ०.१०१००१०००१००००१… . शेवटची मुद्दाम घातलेली. पाठ करून आलेली मुलं तिथे अडतात.

एका मुलीच्या पेपरात पुढची उत्तरं आली. ७/८ परिमेय, 'कारण ०.८७५, भागाकार संपतो'. ०.३३३… परिमेय, 'तीन परत परत येतो'. १/१७ अपरिमेय, 'भागाकार संपत नाही आणि अंक परत येत नाहीत'. √२ परिमेय, 'मोजता येतो'. π परिमेय, 'कारण २२/७'. शेवटची परिमेय, 'एक शून्य, दोन शून्य, तीन शून्य असा नियम आहे'.

म्हणजे सहापैकी चार चूक. पेपर तपासताना अशा वेळी हात आपसूक लाल फुल्या मारत जातो. पण कारणं वाचून मी पेपर बाजूला ठेवला, कारण ही अंदाजपंचे लिहिलेली उत्तरं नव्हती. वर्गात सहाही बरोबर लिहिणारी मुलं होती, आणि त्यांची कारणं साधारण एकाच साच्यातली होती: 'अपूर्णांक आहे म्हणून परिमेय', 'वर्गमुळाचं चिन्ह आहे म्हणून अपरिमेय'. यांतल्या काहींना जाता जाता √४९ विचारलं तर 'अपरिमेय' म्हणून मोकळी झाली. या मुलीची चार उत्तरं चुकली होती तरी प्रत्येकामागे तिने काहीतरी तपासलेलं होतं. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे. हा घटक शिकवणाऱ्या कुणालाही अशी मुलगी किंवा मुलगा कधी ना कधी भेटेलच.

मुलगी आणि तिचं घर

गाव मालवण तालुक्यातलं, किनाऱ्याला लागून. तिचे बाबा गवंडी आहेत. चिऱ्याचं बांधकाम, गिलावा, फरशी, जे मिळेल ते काम घेतात. पाऊस सरला की या भागात घरोघर खळी, म्हणजे घरापुढची अंगणं, करायची कामं निघतात. पूर्वी चोपून सारवायचं खळं, आता बरेच जण कोबा नाहीतर फरशी घालून घेतात. रविवारी ही मुलगी बाबांच्या हाताखाली टेपचं दुसरं टोक धरायला जाते. फूट, इंच, सूत तिच्या तोंडात बसलेले. एका इंचाचे आठ सूत आणि अर्ध्या सुतापर्यंत नजरेने वाचायचं, हे तिला दशांश अपूर्णांकांच्या आधीपासून येतं.

गणितात ती अडखळणारी मुलगी नाही. सांगितलेलं पटलं नाही तर गप्प बसून आपलं आपण काहीतरी ठरवते, एवढंच. चाचणीनंतर मधल्या सुट्टीत तिला पेपर घेऊन बसवलं.

"एक सतरांश अपरिमेय कशावरून गं?"

"मोबाईलवर भाग घालून बघितला, बाई. शून्य पूर्णांक शून्य पाच आठ आठ दोन तीन पाच दोन नऊ चार एक. परत काहीच येत नाही."

"पुढे आलं असेल तर?"

"पुढे कुठे? स्क्रीन संपली ना."

मग √२.

"मोजता येतो म्हणजे काय?"

"आमच्या बाबांनी मोजलाय. दहा बाय दहाचं खळं होतं. कोनाकोनाचं माप चौदा फूट एक इंच साडेपाच सूत. टेप मीच धरलेली. म्हणजे दहा वर्गमूळ दोन झाला तेवढा. अपूर्णांकात लिहिता येतो, मग परिमेयच."

पायथागोरसचं प्रमेय तिने खळ्यात लावलं होतं, तेही न सांगता. माप पडताळून पाहिलं. १०√२ फूट म्हणजे १४.१४२१३… फूट, म्हणजे १४ फूट १.७०५… इंच, म्हणजे १४ फूट १ इंच आणि साडेपाच सुतांहून किंचित जास्त. टेप बरोबर वाचली होती. बाप-लेकीचं माप चोख होतं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

चुका चार, मूळ एक

चारही उत्तरं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. तिच्या लेखी संख्या म्हणजे जे वाचता येतं ते. स्क्रीनवर दिसलेले अंक, टेपवर दिसलेली रेघ, गणितात 'घ्या' म्हणून दिलेला २२/७. स्क्रीनवर आवर्तन (अंकांचा तोच गट परत परत येणं) दिसलं नाही, तर आवर्तन नाही. टेपवर रेघेशी माप जुळलं, तर तेवढंच माप. शून्यांची मांडणी डोळ्यांना नियमित वाटली, तर आवर्तनासारखंच काहीतरी असणार.

याला नुसतं 'व्याख्या लक्षात नाही' म्हणून भागत नाही. व्याख्या तिला पाठ होती, विचारल्यावर घडाघडा म्हणाली: अंश पूर्णांक, छेद शून्येतर पूर्णांक अशा रूपात लिहिता येते ती परिमेय. अडचण अशी, की 'लिहिता येते' हे शब्द ती 'जवळपास लिहिता येते' अशा अर्थाने घेत होती. गवंड्याच्या कामात तोच अर्थ बरोबर असतो.

दुसरी अडचण आम्ही शिकवतो त्या क्रमातून येते. खंडित (संपणारा) दशांश, अखंड आवर्ती (न संपणारा, पण आवर्तन असलेला), अखंड अनावर्ती (न संपणारा आणि आवर्तनही नसलेला) अशी तीन खोकी मुलांना आधी दिली जातात आणि मग संख्या उचलून योग्य खोक्यात टाकायला सांगितल्या जातात. अंक बघून खोकं ठरवा, असाच त्याचा अर्थ मुलं घेतात. पण कुठल्याही संख्येचे पहिले दहा, शंभर किंवा लाख अंक बघून ती परिमेय की अपरिमेय हे कधीच ठरत नाही. पहिले लाख अंक काहीही असोत, तेच अंक असलेली परिमेय संख्याही असते आणि अपरिमेयही. हे वाक्य मी आता प्रकरणाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहिते.

सतरा

सुरुवात १/१७ पासून केली, कारण इथे पुरावा तिच्या हाताने निघणार होता. मोबाईल बाजूला ठेवून कागदावर भागाकार. अट एक: भागाकारात आलेला अंक एका ओळीत लिहायचा आणि त्याच्या खाली उरलेली बाकी. बहुतेक मुलं बाकी खोडून पुढे जातात. इथे सगळं नाट्य बाकीच्या ओळीत आहे.

सुरुवातीला १. दहाला १७ ने भागलं: ०, बाकी १०. शंभराला: ५, बाकी १५. दीडशेला: ८, बाकी १४. एकशे चाळीसला: ८, बाकी ४. अशी ती खाली उतरत गेली. बाकीची ओळ अशी झाली: १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२. मोबाईलची स्क्रीन संपली होती ती जागा ओलांडून ती पुढे आलेली. सोळाव्या पायरीला एकशे वीसला १७ ने भागलं: ७, बाकी १.

इथे ती थांबली. "बाई, परत एक आला."

"मग?"

"मग आता परत दहाच होणार. परत शून्य, परत पाच…"

०.०५८८२३५२९४११७६४७, आणि पुन्हा तेच सोळा अंक. तिने बाकीची ओळ पुन्हा वाचली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, की १ ते १६ सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्यात. पुढे जायला नवीन बाकीच शिल्लक नाही. खरा मुद्दा हाच आहे. १७ ने भागल्यावर बाकी १ ते १६ पैकीच असू शकते (शून्य आली तर भागाकार संपला), म्हणून जास्तीत जास्त सोळा पायऱ्यांत एखादी बाकी परत यायलाच हवी, आणि बाकी परत आली की पुढचं सगळं परत येतं. अंक परत आलेले दिसणं हा परिणाम, कारण बाकीत आहे. अंक मात्र फसवे असतात. वरच्याच ओळीत दोन आठ लागोपाठ आलेत आणि दोन एकही, पण ते काही आवर्तन नव्हे.

लगेच विचारलं, "३५५/११३ असेल तर?"

"एकशे बाराच्या आत परत यायला पाहिजे."

बरोबर. प्रत्यक्षात या अपूर्णांकाचं आवर्तन पूर्ण ११२ अंकांचं आहे, पण ते तिला माहीत असायची गरज नव्हती. मोबाईल त्यातले दहा-बारा अंक दाखवणार. एकशे बारा अंकांच्या आवर्तनाबद्दल दहा अंकांवरून कोण काय बोलणार, हे तिनेच शेजारच्या मुलीला सांगितलं.

याच ओघात खंडित दशांशही निघून गेला. छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असले की बाकी कधीतरी शून्य होते, कारण दहाचे मूळ अवयव तेच. सुताचा छेद ८, अर्ध्या सुताचा १६, म्हणून टेपवरचं इंचातलं कुठलंही माप दशांशात संपतंच. यावर तिनेच शंका काढली: फुटाचा तिसरा भाग म्हणजे सरळ चार इंच, मग तो दशांशात ०.३३३… असा न संपणारा का? हा प्रश्न मी बरीच वर्षं शिकवूनही कुठल्या मुलाकडून ऐकला नव्हता. फूट बारा इंचांचा, बारात तीनचा अवयव आहे. दहात तो नाही. म्हणजे दशांश संपतो की चालू राहतो हे आपण मोजायला दहा घेतले की बारा यावर अवलंबून आहे, संख्या परिमेय असण्यावर त्याचा काही परिणाम नाही. १/३ बाराच्या पद्धतीत लिहिला तर एका घरात संपतो. √२ मात्र दहात लिहा, बारात लिहा, साठात लिहा, संपतही नाही आणि आवर्तनातही येत नाही.

थोडं विषयांतर. ०.०५८८२३५२ आणि ९४११७६४७ हे सोळा अंकांचे दोन अर्धे भाग. त्यातलं दशांशचिन्ह विसरून बेरीज केली की ९९९९९९९९ येते. आठव्या पायरीला बाकी १६ आली होती, म्हणजे सतराला एक कमी, त्याचा हा परिणाम. १/७ च्या १४२ आणि ८५७ चंही तसंच. अशा चक्रांचा नाद लागलेला एक माणूस आपल्याच किनाऱ्यावर जन्मला: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. पुढे देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर ओळखले जातात, पण आवर्ती दशांशांच्या चक्रांवरही त्यांनी बरंच काम केलं. वर्गात हे सांगितलं की दोन-तीन मुलं त्या आठवड्यात १/१९ आणि १/२३ चे भागाकार घरून करून आणतात. यापलीकडे त्या गोष्टीचा काही उपयोग मी करत नाही.

खळं

√२ ला वेळ लागला. आधी आठवीतली कंपासची रचना पुन्हा करून घेतली: संख्यारेषेवर एक एकक, त्यावर काटकोनात एक एकक, कर्ण कंपासमध्ये घेऊन रेषेवर उतरवायचा. √२ हा बिंदू रेषेवर नेमका आहे, 'अंदाजे' नाही, हे त्यातून दिसावं असा हेतू. तिने रचना स्वच्छ काढली आणि म्हणाली, "पण पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे, बाई." आकृतीवरून काही ठरणार नव्हतं, हे तिचं म्हणणं खरं होतं. १.४ आणि √२ मधला फरक तेवढ्या आकृतीत कुणाला दिसणार?

मग तिचंच माप घेतलं. दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे १९२० अर्धे सूत. चौदा फूट एक इंच साडेपाच सूत म्हणजे २७१५ अर्धे सूत. २७१५/१९२० ला संक्षेप दिला की १८१/१२८. तिच्या म्हणण्याप्रमाणे √२ = १८१/१२८. तर मग १८१ चा वर्ग हा १२८ च्या वर्गाच्या दुप्पट यायला हवा. तिने गुणाकार केले. १८१ चा वर्ग ३२७६१. १२८ चा वर्ग १६३८४, त्याची दुप्पट ३२७६८.

"सात कमी."

"मग टेप चुकली?"

"टेप नाही चुकली. अर्ध्या सुताच्या मध्येच कुठेतरी असेल." तिने २७१६ घेऊन पाहिलं. ते जास्त झालं. कर्णाचं टोक अर्ध्या सुताच्या दोन रेघांमध्ये पडतं, एवढं तिला स्वतःच्या आकड्यांतून मिळालं.

मग मी तिला एक जुना अपूर्णांक दिला. दोरीने वेदी आखणाऱ्यांसाठी बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा नियम आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. म्हणजे १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. दशांशात १.४१४२१५६…, √२ शी पाच घरं जुळतं. दहा फुटांच्या खळ्यात या नियमाने येणारी चूक केसाच्या जाडीहूनही कमी. तिने वर्ग केले: ३३२९२९. दुसरीकडे ३३२९२८.

फक्त एक जास्त! तिचे डोळे लकाकले आणि अपेक्षेप्रमाणे ती म्हणाली, "म्हणजे अजून थोडा चांगला शोधला तर बरोब्बर येईल."

इथपर्यंत मूल आलं की मगच सिद्धता सांगण्यात अर्थ आहे. आधी सांगितलेली सिद्धता उत्तर म्हणून येते आणि तोवर प्रश्नच पडलेला नसतो. पुस्तकी पद्धत समविषमतेची आहे, ती चांगलीच आहे, पण अंकांवर डोळा ठेवणाऱ्या या मुलीसाठी मी एककाच्या अंकाची घेतली.

कुठल्याही संख्येचा वर्ग घ्या. त्याचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ यांपैकीच असतो. हे तिने ० ते ९ चे वर्ग लिहून पडताळलं. आता कुठल्याही वर्गाची दुप्पट घ्या. तिचा शेवटचा अंक ०, २ किंवा ८ असतो, दुसरा काही नाही. आपल्याला अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट समान हवी. दोन्ही याद्यांत सामाईक अंक एकच: शून्य. म्हणजे अंशाचा वर्ग शून्याने संपतो, म्हणून अंश स्वतः शून्याने संपतो. छेदाच्या वर्गाची दुप्पट शून्याने संपते, म्हणून छेदाचा वर्ग ० किंवा ५ ने संपतो, म्हणून छेदही ० किंवा ५ ने संपतो. दोघांनाही ५ ने भाग जातो. पण आपण तर अपूर्णांक संक्षेप देऊनच घेतला होता, त्यात सामाईक अवयव उरायलाच नको.

ती कागदाकडे बघत राहिली. मग विचारलं, "भाग घालून पाच काढून टाकला तर?"

"टाक. मग जो उरेल त्यालाही हीच अट लागू."

"परत पाच निघेल." थोडा वेळ गेला. "मग निघतच राहील. असं कसं चालेल, कधीतरी संपायला पाहिजे."

कधीतरी संपायला पाहिजे, आणि ही अट संपू देत नाही. म्हणून असा अपूर्णांक नाही. 'अजून सापडला नाही' आणि 'असूच शकत नाही' यांतला फरक तिला बहुधा इथे पहिल्यांदा लागला. ३३२९२९ आणि ३३२९२८ यांतला तो एक कितीही मोठे आकडे घेतले तरी शून्य होणार नाही.

त्या शनिवारी बाजारात तिचे बाबा भेटले. पोरीने घरी काय काय सांगितलं असेल ते असेल, पण त्यांनीच विषय काढला. खळ्याचे दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात (काटकोनात) आहे, आणि कोपरा तपासायला तीन-चार-पाच मापांचा त्रिकोण. त्यांचं काम एवढ्यावर चालतं, आणि तीन-चार-पाचमध्ये कर्ण नेमका पाच येतोच. अर्ध्या सुताच्या आतलं काय करता, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सुताच्या खालचा काय आसात ता सिमीटात जाता, बाईनु." कामाच्या दृष्टीने यात काडीचीही चूक नाही. मुलीला वर्गात वेगळा प्रश्न विचारला जात होता, एवढंच. तो वेगळा आहे हे तिला आम्ही स्वच्छ सांगितलं नव्हतं.

π आणि शून्यांची रांग

π लवकर उरकलं. २२/७ चा भागाकार तिने आता सहज केला: ३.१४२८५७१४२८५७… . शेजारी फळ्यावर π: ३.१४१५९२६५… . तिसऱ्याच घरात वाटा फुटतात. मग २२/७ का वापरतात? सात फूट व्यासाच्या विहिरीचा घेर २२/७ ने बावीस फूट येतो, खरा २१.९९११… फूट. फरक इंचाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे एका सुताच्याही आत. तिने स्वतःहून जोडलं: "सिमेंटात जातो." भास्कराचार्यांनीही २२/७ व्यवहारापुरता आणि ३९२७/१२५० सूक्ष्म असं वेगळं करून दिलंय. आर्यभटाने ४९९ मध्ये ६२८३२/२०००० देताना ते जवळचं मान आहे असं त्याच श्लोकात म्हटलंय. गणितांत आपण 'π = २२/७ घ्या' एवढंच छापतो आणि मुलं बरोबरीचं चिन्ह वाचतात. त्यांना दोष देता येत नाही.

π अपरिमेय आहे याची सिद्धता योहान लँबर्टने १७६१ मध्ये दिली. ती नववीच्या आवाक्यातली नाही. √२ चं कारण आपल्याला देता आलं, π चं इथे देता येत नाही, ते पुढे शिकाल, असं मी वर्गात सरळ सांगते. 'अंक परत येत नाहीत म्हणून अपरिमेय' हे कारण मुलांकडून लिहून घेणं मला पटत नाही. कितीही अंक काढले तरी ते कारण होत नाही, आणि मग १/१७ च्या वेळी त्याच मुलीला आपण कुठल्या तोंडाने चूक म्हणणार?

०.१०१००१०००१… वर मात्र अडलो. नियम आहे, मग आवर्ती का नाही? तिचा मुद्दा बिनचूक होता, फक्त आवर्तन म्हणजे कुठलाही नियम नव्हे, तोच गट तसाच्या तसा परत येणं. समज, एका टप्प्यानंतर दहा अंकांचा गट परत परत येतोय. शून्यांची रांग तर वाढतच जाते, तेव्हा त्या टप्प्यापुढे कुठेतरी सलग वीस शून्यं येणार. त्या विसात दहाचा एक गट पूर्णच्या पूर्ण बसतो. म्हणजे गट सगळा शून्यांचा. मग पुढे एक येताच कामा नये, पण एक तर येत राहतो. गट दहाऐवजी हजाराचा धरा, दोन हजार शून्यांपर्यंत थांबा. हा युक्तिवाद तिला एका बैठकीत पचला नाही. दुसऱ्या दिवशी तिने उलट बाजूने येऊन मला सांगितला: आवर्तन असतं तर शून्यांच्या रांगेला कमाल लांबी असती. माझ्यापेक्षा हे सुटसुटीत आहे, पुढच्या वर्षी असंच सांगणार.

फेरचाचणी

नाताळच्या सुट्टीआधी पुन्हा तसाच पेपर घेतला, संख्या बदलून. ५/२३: 'परिमेय, बावीसच्या आत बाकी परत येणार.' भागाकार केलेलाच नव्हता, आणि करायची गरजही नव्हती. १.४१४२: 'परिमेय, १४१४२/१००००. ही √२ नाही.' दुसरं वाक्य मी मागितलेलं नव्हतं. √४९: 'सात.' ०.१२३४५६७८९१०१११२…, म्हणजे सगळ्या संख्या ओळीने लिहीत गेलेला दशांश: 'अपरिमेय, यात १००, १०००, १०००० येणार, शून्यांची रांग वाढत जाणार.'

√५०/√२ चुकलं. कारण लिहिलं होतं, 'वर आणि खाली दोन्ही अपरिमेय, म्हणून अपरिमेय.' उत्तर ५ आहे, कारण हा भागाकार म्हणजे √२५. अंक बघायचं सोडून संख्या कशातून तयार झाली ते बघायला ती शिकली आणि आता ते थोडं जास्तच ताणते आहे. अपरिमेय संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार परिमेय होऊ शकतो, हे या प्रकरणात पुढे येतंच. पण नुसतं √२ × √२ = २ दाखवून ते तिच्या गळी उतरणार नाही असं वाटतं. म्हणून तिला घरचा अभ्यास दिलाय: दहा फुटांच्या खळ्याच्या कर्णावर दुसरा चौरस आखायचा, आणि त्या मोठ्या चौरसाचा कर्ण किती येतो ते टेप न लावता काढून आणायचं.